भाडिपा बघताना आपण नेमके कशाला हसतो?

चिंचगूळ

या फोरमवर या विषयावर आधी चर्चेचा धागा निघाला असेल तर सांगा, हा उडवते. मला शोधून सापडला नाही.

भाडिपा या यूट्यूब चॅनलवरचे आलोक राजवाडे आणि रेणुका दफ्तरदार यांचे आई-मुलाचे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघते आणि दर वेळी हसते. पण कुणी विचारलं की त्यात एवढं काय आहे, तर सांगता येत नाही. टीव्हीवरच्या स्किटमधला विनोद दुसऱ्या दिवशी डबा खाताना ऑफिसात सांगता येतो, चार जण हसतात. हे सांगायला घेतलं की वाक्य हातात येतं आणि विनोद निसटतो. 'आई काहीतरी विचारते, मुलगा वैतागतो, ती परत तेच विचारते.' बरं, मग? समोरचा आपल्याकडे बघतच राहतो.

माझा अंदाज असा की त्यात कुणीच विनोद करत नसतं. आई मनापासून आई असते, मुलगा मनापासून वैतागलेला असतो. आपण हसावं अशी दोघांपैकी कुणाचीच इच्छा दिसत नाही. हसायचं की नाही ते आपल्यावर सोडलेलं असतं, आणि मराठी विनोदात ही मोकळीक फार कमी वेळा मिळते. एरवी पार्श्वसंगीत, परीक्षक, टाळ्या, सगळे मिळून आपल्याला ढोसत असतात, 'हस ना, हस ना'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाडिपा म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेलं यूट्यूब चॅनल. पहिली चर्चा झाली ती अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काउच'ची. नामवंत पाहुण्याला बोलवायचं आणि मुद्दाम बावळट, बिनतयारीची मुलाखत घ्यायची. पहिल्या भागात राधिका आपटे होती. तिथेही तोच प्रकार. दोघेही मठ्ठ चेहऱ्याने बसलेले, आपण काही गमतीदार करतोय याचा पत्ताच नाही.

तुम्हाला काय वाटतं? आवडत नसेल तर तेही लिहा, पण का ते लिहा.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कुणीतरी 'आमच्या काळी' सुरू करणार.

मावशीबाई

आले! आमच्या काळी 'गजरा' होता.

हसू नका. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, आणि त्यानंतरच्या काळातला 'गजरा' हा छोट्या छोट्या प्रहसनांचाच कार्यक्रम होता. करणारी माणसं नाटकातलीच. चाळीत एका घरी टीव्ही, त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही वीसेक पोरं, दारात उभी असलेली मोठी माणसं वेगळीच. तेव्हा मोबाइलवर पाच मिनिटांचं प्रहसन हा तुमच्या पिढीने लावलेला शोध आहे असं समजू नका. त्याच्याही आधी तमाशात बतावणी होतीच की. गण, गौळण झाली की वगाच्या आधी दोन माणसं येऊन एकमेकांची फिरकी घेणार. कथा नाही, नेपथ्य नाही, नुसतं बोलणं. भाडिपाचे मूळपुरुष तेच म्हणायचे.

बाकी चिंचगूळचं म्हणणं पटलं. 'गजरा'तही मागे हसण्याचा आवाज लावल्याचं मला आठवत नाही. आवाज आमचाच व्हायचा.

विंगेतून

धागा आवडला. नाटकवाला आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

चिंचगूळ ज्याला 'कुणीच विनोद करत नाही' म्हणतात तो योगायोग नाही, तालीम आहे. ही मंडळी कुठून आली ते बघा. अमेय, निपुण, आलोक हे सगळे पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि पुढे 'नाटक कंपनी' हा नाट्यगट या वाटेने आलेले. त्यातली पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी 'आव्वाज कुणाचा!' ऐकलं नसेल तर एकदा जाऊन या, कानाचे पडदे शाबूत राहिले तर पुढचं वाचा. तिथे प्रेक्षक म्हणजे दुसऱ्या कॉलेजची पोरं. पंच मारायला गेलात आणि फसलात तर तुम्हाला सोडत नाहीत. पोरं लवकर शिकतात की हशा मागायचा नाही.

दुसरं म्हणजे शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच. छोटी जागा, पहिली रांग नटाच्या अंगावर. तिथे भुवई जरा जास्त उचलली तरी खोटी दिसते. बालगंधर्व रंगमंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचं असतं, तिथे आवाज आणि हात मोठे करावेच लागतात. सुदर्शनला नाही. आता मोबाइलचा पडदा यातल्या कुणाच्या जवळचा, सांगा. कॅमेरा आला तेव्हा या लोकांना नवीन काही शिकावं लागलं नाही, असं माझं मत.

आणि एक अगदी तांत्रिक गोष्ट. व्यावसायिक नाटकात लाफ्टर आला की नट थांबतो. पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून. ते थांबणं इतकं अंगात मुरतं की टीव्हीवरच्या स्किटमध्येही दिसतं: वाक्य, पॉज, वाक्य, पॉज. घरात कोण असं थांबतं? आईचं वाक्य संपायच्या आत मुलगा 'हो गं' म्हणतो, त्याचं 'हो गं' संपायच्या आत तिचं पुढचं सुरू झालेलं असतं. रेणुका आणि आलोक एकमेकांवर बोलतात. नीट ऐका, दोघांपैकी एकाचं वाक्य नेहमी अर्धं राहतं. मला त्यातलं संगीत आवडतं, शब्द नंतर.

कट_टू

विंगेतून, तुमचं संगीत आमच्या जिवावर उठतं ते कळतं का? मी संकलक आहे (भाडिपाशी संबंध नाही). दोन नट एकमेकांवर बोलले की मध्ये कापता येत नाही. आईच्या शॉटमध्ये मुलाचा आवाज येतो, मुलाच्या शॉटमध्ये आईचा, आणि दुसऱ्या टेकला दोघांनी वेगळ्या ठिकाणी तोंड घातलेलं असतं. म्हणजे एक तर दोन कॅमेरे एकदम लावा, नाहीतर दोघांना एका चौकटीत बसवा आणि गप्प बसा. म्हणून साधारण बजेटवाले नटांना सांगतात, 'प्लीज, एकेक जण बोला.' तिथेच जीव जातो.

अजून एक. यूट्यूबवर माणूस पहिल्या काही सेकंदांत अंगठा फिरवून निघून जातो. त्यामुळे ओळख, प्रसंगाची मांडणी वगैरे लाड परवडत नाहीत. भांडण आधीच चालू असायला हवं आणि प्रेक्षक मधूनच दार उघडून आत आला पाहिजे. हे घरगुती विषयालाच जमतं, कारण ते घर आपल्याला माहीत असतं. आई कोण, मुलगा कोण, भांडण कशावरून, काही सांगावं लागत नाही. परग्रहावरची गोष्ट असती तर अर्धा वेळ परग्रह समजावण्यात गेला असता.

रच्याकने (जाता जाता), चॅनल २०१६ चं आणि जिओही सप्टेंबर २०१६ चंच. तोवर आपण यूट्यूब ऑफिसच्या वायफायवर बघत होतो. बसमध्ये, भाजीच्या रांगेत कानात बोंडकं घालून मराठी व्हिडिओ बघणं त्यानंतर सुरू झालं. चांगलं काम आणि स्वस्त डेटा एकाच वर्षी आले, यात नशिबाचा वाटा धरा.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा, हे 'घर आपल्याला माहीत असतं' म्हणता, ते कोनाचं घर? आमचं तर नाही.

चॅनल चांगलं आहे, हसू येते, नाही म्हणत नाही. पण थे घर पुन्याचं आहे. आई हळू आवाजात टोमना मारते, पोरगा हळू आवाजात वैतागते. आमच्या घरी माय बोलली का गल्लीच्या त्या टोकाले ऐकू जाते. 'मराठी आई' म्हणून जे दाखवता त्यात अर्धा महाराष्ट्र बसत नाही बाप्पा. आनि आमच्याकडचं कोनी दाखवलं तर थो नोकर, नाही तं वॉचमन, नाही तं नुसता बोलीवर हसाले ठेवलेला मानूस.

रिकामटेकडा

आला मुद्दा. ठेचा +१००.

बार्शी_लाईट

ठेचाभाऊ, बरोबर बोललात पण अर्धंच. भाडिपानं सगळ्यांची आई दाखवायचा मक्ता घेतलेला नाही. आपल्याकडच्यांनी आपली दाखवावी, आणि दाखवलीच की! खास रे टीव्ही हे यूट्यूब चॅनल आलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर पोरं मोबाइलभोवती कोंडाळं करून बसायची. कोरी पाटीवाल्यांनी 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब मालिका केली, त्यात पार, एसटी, वाडी, सगळं जसंच्या तसं. ते बघणाऱ्यांना भाडिपा हे नावही माहीत नसायचं, आणि उलटंही.

फरक एवढाच की भाडिपावर पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रात लेख येतात.

चिंचगूळ

ठेचा, मुद्दा मान्य आणि महत्त्वाचा. पण मग एक कराच. तुमच्या मायचा एक संवाद इथे टाका. नटवू नका, जसा झाला तसा.

वऱ्हाडी_ठेचा

मंग घ्या. मागच्याच महिन्यातला.

माय : काहून, आज लवकर आला?
मी : सुटी झाली लवकर.
माय : तब्येत बरी नाही का?
मी : बरी आहे वं.
माय : मंग लवकर काहून सोडलं? नोकरी गेली का?
मी : नाही गेली. साहेबाचं लग्न आहे.
माय : साहेबाचं लग्न होऊन राहिलं. (मोठा पॉज. विंगेतून यांनी नोंद घ्यावी.) साहेब केवढा आहे?
मी : असंन तीसेक.
माय : आनि तू?
मी : ...
माय : (फोनवर मावशीले) अवं, पोरगं घरी आलं. काही बोलत नाही. तोंड उतरलं आहे पाह्य त्याचं. त्याच्या साहेबाचं लग्न झालं.

मावशीबाई

अगं बाई! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). साहेबाच्या लग्नाने तोंड उतरलं!

विंगेतून

नोंद घेतली. 'आणि तू?' हे दोन शब्द लिहायला लोक महिना महिना बसतात. आणि बघा, यातही माय विनोद करत नाहीये. आवाज गल्लीभर जाणारा असो की हळू, यंत्र तेच आहे: माणूस स्वतःच्या काळजीत पूर्ण बुडालेला, आणि ती काळजी समोरच्याच्या उत्तराने तसूभर हलत नाही.

तळ्यातमळ्यात

सगळे आईवर हसताहेत म्हणून जरा टाचणी लावते.

आई म्हणजे काळजी, आई म्हणजे डबा, आई म्हणजे टोमणा. तिला मोबाइल वापरता येत नाही, तिचं इंग्रजी गमतीचं, ती खोलीत न विचारता येते. यूट्यूबवरच्या निम्म्या मराठी चॅनलांची दुकानं या एका बाईवर चालतात. तिने सकाळपासून केलेलं काम पडद्यामागे, आणि 'फ्रिजचं दार लाव' एवढं पडद्यावर. बाबा कुठे असतात हो? पेपर वाचत? त्यांच्यावर का नाही हसत कुणी?

चिंचगूळ

इतर चॅनलांबद्दल शंभर टक्के खरं. मुलगा डोक्यावर ओढणी घेऊन आईची नक्कल करतो ते मलाही बघवत नाही. बाई म्हटली की ओढणी आणि किनरा आवाज, संपलं.

पण रेणुका दफ्तरदारच्या आईचं तसं नाही, असं मला वाटतं. 'दोघी' चित्रपट १९९५ चा. ज्यांनी तिला त्यात पाहिलंय त्यांना माहीत आहे ही बाई काय ताकदीची नटी आहे. तेवढ्याच गांभीर्याने ती हे पाच-सात मिनिटांचं काम करते. ती आईची टर उडवत नाही, आईची बाजू घेते. हरतो तो बहुतेक वेळा मुलगाच. त्याचा मोठेपणा, त्याची 'मी आता स्वतंत्र आहे' ही ऐट, हळूहळू हवा काढल्यासारखी बसते. मला हसू येतं ते त्याच्यावर. खरं सांगायचं तर मुलाच्या वैतागात मी स्वतःला बघते, आईत नाही.

बाबांचं मात्र बरोबर आहे. मराठी विनोदात बाप अजून पेपरामागेच आहे.

तळ्यातमळ्यात

'बाजू घेते' हे पटलं थोडंसं. थोडंसंच. बाई सोशिक असो की हुशार, आहे स्वयंपाकघरातच ना.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत आमच्याकडे हे चॅनल वेगळ्याच कामाला येतं. मुलीला मराठी कळतं, बोलायचा कंटाळा. मंडळाच्या गणपतीतलं नाटक दाखवलं की पहिल्या अंकात झोपते, कारण त्यातलं मराठी तिने घरात कधी ऐकलेलंच नसतं. भाडिपाचे आई-मुलाचे व्हिडिओ लावले तर न सांगता शेवटपर्यंत बसली. म्हणाली, 'आजी व्हिडिओ कॉलवर असंच करते, बाय म्हटल्यावर नवीन विषय काढते.' विनोद समजावून सांगावा लागला नाही, हे मला फार वाटलं.

आणि एक निरीक्षण. तीन संस्थापकांपैकी पॉला कॅनडाची. मराठी तिने मोठेपणी शिकलेलं. घरातल्या माणसाला घरातली गंमत दिसत नाही, पाहुण्याला दिसते. 'तुम्ही निघताना दारात उभं राहून अर्धा तास का बोलता?' हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. माझ्या अमेरिकन सुनेने विचारला तेव्हा आम्ही सगळे दारातच उभे होतो. अशी एक बाहेरची नजर मंडळींत असण्याचा फायदा झाला असणार, हा माझा तर्क.

खडीसाखर

सगळे कौतुकच करताय. मी सोडलं बघायचं. कारण जाहिराती. चांगला प्रसंग रंगात आलाय आणि आईच्या हातात अचानक एक पाकीट, लेबल बरोब्बर कॅमेऱ्याकडे. कुठली आई असं पाकीट धरते? आमची आई पाकीट कापून, डब्यात ओतून, पाकिटाची सुद्धा घडी घालून ठेवते.

कट_टू

खडीसाखर, पाकिटाची घडी 😂

पण गणित समजून घ्या. प्रादेशिक भाषेतल्या व्हिडिओला यूट्यूबकडून मिळणाऱ्या पैशात दोन कॅमेरे, दिवे, आवाजवाला, नट आणि त्यांचा वडापाव बसत नाही. तिकीट तुम्ही काढत नाही, वर्गणी देत नाही. मग उरतो ब्रँड. निदान हे लोक कधी कधी जाहिरातीचीच चेष्टा करून टाकतात, ते मला बरं वाटतं. हिंदी-इंग्रजीत विनोदी व्हिडिओ करणारी एवढी मोठी एआयबी, २०१८ नंतर आटोपलीच ना. इथे दुकान चालू आहे.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या मालिका. गुलबदन टॉकीज ही त्यांचीच निर्मितीसंस्था. २०१९ मध्ये 'पांडू' केली, २०२२ मध्ये 'बी. ई. रोजगार', त्याच वर्षी सोनी लिव्हवर 'शांतीत क्रांती'. लॉकडाऊनमध्ये 'चिकटगुंडे' काढली ती तर घराबाहेर पडायची बंदी असताना.

चिंचगूळ

मोठ्या मालिका मी पाहिल्या, 'पांडू' आवडली. पोलिसांकडे इतक्या घरगुती नजरेने कुणी बघितलं नव्हतं. तरी माझ्या मते यांचा हात पाच-सात मिनिटांतच खरा बसतो. लांबीला कथानक लागतं, आणि कथानक आलं की कुणाला तरी बदलावं लागतं, शिकावं लागतं, मोठं व्हावं लागतं. छोट्या व्हिडिओत कुणी काही शिकत नाही. आई पुढच्या वेळी तेच विचारणार. आपल्या घरातही तसंच असतं.

मावशीबाई

टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ला नावं ठेवताय सगळे आडून आडून, ते कळतंय मला. २०१८ पासून आम्ही घरात एकत्र बसून बघतो ते तेच. यूट्यूब ज्याचं त्याच्या कानात. परीक्षक सई ताम्हणकर खुर्चीवर गडबडा हसायला लागली की आमच्या ह्यांनाही हसू फुटतं, एरवी ते हसत नाहीत. त्यालाही किंमत आहे.

विंगेतून

मावशी, नावं ठेवत नाही. दर आठवड्याला नवीन स्किट बसवणं हे मजुरीचं काम आहे, कुणीही करून बघावं. फक्त दोन्ही वेगळे खेळ आहेत. तिथे हसणाऱ्याला सोबत लागते, इथे सोबत असली तर उलट चोरट्यासारखं वाटतं. आपली आई शेजारी बसलेली असताना तो आई-मुलाचा व्हिडिओ लावून बघा.

खडीसाखर

बघितला लावून. आई म्हणाली, 'यात हसण्यासारखं काय आहे? बरोबरच बोलतेय ती.'

रिकामटेकडा

धागा इथेच बंद करा. याच्यापुढे काही नाही.

कट_टू

थांबा, बंद नका करू. ठेचा, तो साहेबाच्या लग्नाचा संवाद मला खरंच चित्रित करावासा वाटतोय. दिवाळीत नागपुरात आहे, दोन कॅमेरे माझे. नटी नको, तुमच्या मातोश्रीच हव्यात. विचारून बघता का?

वऱ्हाडी_ठेचा

विचारलं. म्हने, 'पैशे किती देते थो? आनि त्याचं लग्न झालं का?'